वेळेचा रकाना

"मॅडम, खाली बसा," सबनीस साहेब म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण मी पर्स डोक्यावर धरून तिथेच बांधावर बसले. विमान माझ्यावरून जेमतेम दोन पुरुष उंचीवरून गेलं. पिवळं, हलक्या लाकडाचं, पाच फुटी पंखांचं, पुढे करकरणारं छोटं इंजिन. ते परत वर चढलं, एका अंगावर कललं आणि सागाच्या झाडांपलीकडे, वाडीच्या दिशेने निघून गेलं. सबनीस रिमोटच्या दोन्ही दांड्या ढकलत होते. विमान त्यांचं काही ऐकत नव्हतं.

मग इंजिनचा आवाज बंद पडला. झाडांमागे काही दिसत नव्हतं.

"सेट कोणी चालू केलाय?" सबनीस मागे वळून म्हणाले.

मैदानाच्या कडेला दिनेश शेडगे आपल्या नव्या विमानापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या हातातल्या रिमोटची एरियल पूर्ण बाहेर काढलेली होती.

"मी केला, सायब. टॅग नव्हता, म्हणून तर केला."

"टॅग नव्हता म्हणून केला म्हणजे काय?"

दिनेश उत्तर देणार होता, पण तोवर आम्ही सगळे झाडांकडे धावत सुटलो होतो. साडी आणि साध्या चपलांवर मी धावत होते, आणि विमान कुठे पडलं यापेक्षा माझ्या डोक्यात शुक्रवारचा एक फोन घुमत होता. खोटं कशाला सांगू.

मी तेव्हा एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या पेण शाखेत डेव्हलपमेंट ऑफिसर होते. म्हणजे नवीन विमे आणायचे. ट्रक, गोदामं, गणपतीच्या कारखान्यांचा आगीचा विमा, धाटावच्या कंपन्या. माझ्याकडे कव्हर नोटची वही असायची. पॉलिसी छापून यायला दिवस लागतात, तोवर विमा चालू झाल्याचा पुरावा म्हणजे कव्हर नोट. तिच्या प्रत्येक पानाला छापील नंबर असतो, आणि विमा कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून सुरू झाला ते तिच्यावर लिहायचं असतं. पैसे हातात आल्याशिवाय विमा सुरू होत नाही, हे आमच्याकडे शिपायालाही पाठ होतं.

सबनीस धाटावच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. आठ-नऊ जणांनी मिळून त्यांनी मॉडेल विमानांची असोसिएशन काढली होती. कोणी इंजिनियर, कोणी फिटर, एक शाळामास्तर. रोह्याजवळच्या खांब गावच्या एका शेतकऱ्याने भात काढून झालेलं मोकळं रान त्यांना रविवारपुरतं दिलं होतं, पण त्याची अट होती. कोणाला लागलं-बिगलं तर भरपाईची सोय आधी दाखवा, मग उडवा. म्हणून ते माझ्याकडे आले होते. थर्ड पार्टीचा विमा, म्हणजे आपल्या हातून तिसऱ्याच माणसाला इजा झाली तर तिचा खर्च देणारा. तो असोसिएशनच्या मेंबरांनाच लागू होणार होता. बिनमेंबर माणसाने उडवलं तर त्याचं तो बघेल.

मी ब्रँच मॅनेजरांपुढे प्रपोजल ठेवलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मोकल, विमानाचा विमा? पेणमध्ये?"

"खेळण्यातली आहेत, सर."

"खेळण्यातली आहेत तर विमा कशाला? आणि विमा पाहिजे तर खेळण्यातली कशी?" मग त्यांनी चष्मा काढला. "आधी जागा बघून या. रिपोर्ट द्या. मग कव्हर."

इथवर सगळं रीतसर होतं. शुक्रवारी सबनीसांचा फोन आला. रविवारी तुम्ही येताच आहात, तर चेक तेव्हाच देतो, पण सकाळी मंडळी लवकर जमतात, तुम्ही येईपर्यंत उडवायला सुरुवात केली तर चालेल का? समोर दोन माणसं ताटकळत बसली होती. मी म्हटलं, "उडवा हो. कव्हर झालंच असं धरून चाला." हे मी बोलले. बोलायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

रविवारी मी एसटीने खांबला पोचले. सबनीसांनी सगळं नीट दाखवलं. झेंडा, दोऱ्या, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी. एका फळीवर खिळे ठोकून प्रत्येक खिळ्याला एकेक लाल टॅग लटकवलेला होता, वर चॅनेलचे नंबर. रिमोटचे चॅनेल मोजकेच असतात, आणि एकाच चॅनेलवर दोन रिमोट चालू झाले की वरच्या विमानाला कोणाचं ऐकायचं तेच कळत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मी रिपोर्टात लिहिलं, "चॅनेल नियंत्रणासाठी बोर्ड आहे." आणि टिक केली. मग त्यांनी मला दाखवण्यासाठी आपलं पिवळं विमान वर नेलं. चेक त्यांच्या खिशात होता, वही माझ्या पर्समध्ये. उतरल्यावर लिहू, असं आमचं ठरलं होतं.

विमान सापडायला पंचवीस मिनिटं लागली. सागाच्या पलीकडे वालाची शेतं होती. प्रत्येक बांधावर चढताना वाटायचं, आता दिसेल, आणि दिसू नये असंही वाटायचं. वाडीतली पोरं रविवारची बाहेर खेळत असणार. माझी मुलगी त्याच वयाची होती.

आधी पंख दिसला. मग बांधाला टेकून बसलेली बाई. साठीच्या पुढची, कास्टा नेसलेली. उजवा हात तिने डाव्या हातात धरला होता आणि मनगट भलतीकडे वळलं होतं. शेजारी शेंगांची टोपली उपडी झाली होती.

"लागलं का, आजी?" सबनीस गुडघ्यावर बसले.

"मंग काय," ती म्हणाली. "घार आली वाटली. हात केला तर पडलू." मग माझ्याकडे बघून, "गो बाय, त्या शेंगा भर आधी. लेक येनार हाय पोपटीला."

मी शेंगा भरल्या. टोपली तिला दिसेल अशी बांधावर ठेवली.

तिचं नाव सीताबाई. आम्ही तिला सबनीसांच्या मारुतीतून रोह्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मागच्या सीटवर ती, मी, आणि दाराशी अंग चोरून बसलेला दिनेश. मनगटाचं हाड मोडलं होतं, बसवावं लागणार होतं. तिला आत नेलं आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो.

तिथे मी दिनेशला विचारलं, "टॅग नव्हता म्हणजे काय म्हणालात तुम्ही?"

तो धाटावला सबनीसांच्याच कंपनीत ऑपरेटर होता, रोह्याजवळच्या गावचा. आठ महिने खपून त्याने घरीच विमान बनवलं होतं. असोसिएशनमध्ये त्याचा तो पहिलाच दिवस.

"प्लँटमधी पंप दुरुस्तीला काढला का त्याच्या स्विचवर लाल टॅग लावतात, मॅडम. टॅग हाय म्हणजे मानूस कामावर हाय, हात लावू नको. टॅग नाय म्हणजे चालू कर. दहा वर्सं तेच करतोय. फळीवर बगितलं, माज्या नंबरला टॅग नव्हता. म्हटलं, मोकळा हाय. पंखाची, शेपटीची पाती हलतात का तेवढं बगत होतो."

सबनीसांनी डोळे मिटून घेतले. मला समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या फळीवर नेमकं उलटं होतं. उडवणाऱ्याने टॅग काढून आपल्या रिमोटला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे कोणीतरी हवेत आहे.

"टॅग कुठून आणले होते?" मी विचारलं.

"प्लँटमधूनच," सबनीस म्हणाले. "जुने पडून होते."

कंपनीत टॅगचं ट्रेनिंग देणारे तेच होते. फळी रंगवणारे तेच. आणि सकाळी त्या फळीपुढे उभं राहून टिक करणारी मी. बोर्ड आहे का, एवढंच मी विचारलं होतं. तो वाचायचा कसा, हे विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने सबनीस खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, वही आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

त्यांनी चेक काढून बाकावर ठेवला. मी वही काढली. असोसिएशनचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जोखमीचं वर्णन लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच येत होतं. मग 'किती वाजल्यापासून' हा रकाना आला आणि पेन थांबलं. अपघात अकराच्या सुमाराचा. सकाळचे नऊ लिहिले असते तर कोणी विचारणार नव्हतं. चेकवर तारीख तीच, वार तोच. सीताबाईचा खर्च कंपनीने दिला असता, दिनेश सुटला असता, माझा फोनही झाकला गेला असता. आणि शुक्रवारी मी शब्द दिलाच होता की, असं मी मनाला समजावत होते.

"किती वाजले?" मी विचारलं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. तरी विचारलं.

सबनीस आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्यांच्याही हातात घड्याळ होतं.

"एक धा," दिनेश म्हणाला. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"दिनेश," सबनीस सावकाश म्हणाले, "मॅडम काय विचारतायत कळतंय का तुला? ते लिहिलं तर सगळं तुझ्यावर येईल."

"कळतंय, सायब." "दर तासाला लॉगबुक भरतो मी. जे रीडिंग दिसतंय तेच लिवतो. मागचं कदी लिवलं नाय. तुमीच शिकवलंत."

मला त्याच्याकडे बघवेना. घरी त्याची बायको, दोन मुलं, म्हातारे आईवडील, हे त्याने गाडीत बसण्याआधी मैदानावर कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं होतं. मी त्या पानावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि चेक सबनीसांना परत दिला.

आता खरी भीती पुढे होती, आणि ती तिघांपैकी दोघांनाच कळत होती. सबनीसांच्या शर्टाच्या खिशात दिनेशचा मेंबरशिपचा फॉर्म होता. सकाळी त्याने भरून दिलेला. त्यावर सेक्रेटरीची, म्हणजे सबनीसांचीच, सही व्हायची होती, तीही विमान उतरल्यावर करू म्हणून राहिली होती. ती सही नाही म्हणजे दिनेश मेंबर नाही. बाहेरचा माणूस परवानगीशिवाय मैदानावर आला आणि त्याने सेट चालू केला, एवढं म्हटलं की असोसिएशन मोकळी. विम्याच्या धंद्यात अशी मोकळी झालेली माणसं मी कितीतरी पाहिली होती. आणि त्यातली बरीच वाईट नव्हती.

सबनीसांनी फॉर्म बाहेर काढला. घडी उघडली, परत घातली. आतून सीताबाईच्या कण्हण्याचा आवाज आला तसा दिनेश उठून दाराशी गेला.

"तुमचं पेन द्या," सबनीस मला म्हणाले.

त्यांनी मांडीवर फॉर्म ठेवून सही केली. खाली तारीख घातली. मी वाकून बघितलं. तारीख त्याच दिवसाची होती, अगदी खरी. वेळेचा रकाना त्या फॉर्मवर नव्हताच.

सीताबाईचा खर्च नऊ मेंबरांनी मिळून केला, दिनेश धरून. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि वाल उभा होता. तेव्हा पुढचे रविवार असोसिएशनने विमानं घरी ठेवली आणि तिच्या शेतात शेंगा तोडल्या. मीही एकदा गेले. सबनीसांना टोपी घालून वालात वाकलेलं बघून म्हातारी बांधावरून सांगत होती, "सायब, कवल्या नको तोडू, भरलेल्या तोड." पोपटीचं, म्हणजे शेंगा भाजायचं, मडकं लागलं तेव्हा तिने दिनेशला आपल्या शेजारी बसवलं.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी मॅनेजरांपुढे रद्द पान ठेवलं होतं. नंबरी पान, त्याचा हिशेब द्यावाच लागतो.

"रद्द का?"

मी सगळं सांगितलं, शुक्रवारच्या फोनसकट. त्यांनी पानाचा नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला.

"तोंडाला नंबर नसतो, मोकल," ते म्हणाले. "वहीला असतो. म्हणून आपण वही वापरतो." आणि त्यांनी मला मेमो दिला. तो निवृत्तीपर्यंत माझ्या फाईलला होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. फोनवर कुणी विम्याचं विचारलं तर मी फक्त "बघते" म्हणायची.

दोन महिन्यांनी नवं प्रपोजल आलं. मी परत खांबला गेले. फळी आता प्लँटसारखी होती. प्रत्येकाने आपल्या नावाचा टॅग लावायचा, टॅग दिसला की थांबायचं. या वेळी मी टिक केली नाही. दिनेशला म्हटलं, मला हे वाचून दाखवा. त्याने वाचून दाखवलं, मग मी लिहिलं.

मॅनेजरांनी मेंबरांची यादी आणि फॉर्म एकेक करून तपासले. दिनेशच्या फॉर्मवर त्यांचं बोट थांबलं.

"हा तर त्याच दिवशी मेंबर झालाय. अपघाताआधी की नंतर?"

"सर, त्या फॉर्मवर वेळेचा रकाना नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पान उलटलं.

"नव्या फॉर्ममध्ये तेवढा घालायला सांगा त्यांना."

"सांगते," मी म्हटलं.

आणि ते तेवढं एक काम मी आजवर केलेलं नाही.