बर्फाच्या पेटीतली ऊब

तारोडी गावच्या लुईझाने एकदा मनावर घेतलं की तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. या थंडीत तिने काचेचं घर बांधायचं मनावर घेतलं. माणसांसाठी नव्हे हो, मिरचीच्या चौदा बियांसाठी!

बिया तिच्या आईच्या. आई तीन वर्षांपूर्वी गेली आणि तिच्या परसातली ती आखूड, लालभडक मिरची दुसऱ्या कुणाकडे उरली नाही. पावसाआधी फळ धरावं म्हणून गेल्या डिसेंबरात लुईझाने मूठभर बी उघड्यावर पेरलं. गारठ्याने एकही रुजलं नाही. आता या शेवटच्या चौदा, आणि आणखी वर्षभर ठेवल्या तर त्यांतही जीव राहणार नव्हता.

ती शहरात, बेव्हर्ली पार्क वसाहतीत मासळी विकायला बसे. तिथे एका इमारतीच्या जुन्या खिडक्या निघत होत्या आणि भंगारवाला ईश्वर काचा फोडून नुसतं ॲल्युमिनियम न्यायच्या बेतात होता.

"ईश्वरभाय, पट्टी तू ले जा, काच मेरे को दे. फोड मत!" म्हणत तिने सुक्या बोंबलांची जुडी त्याच्या हातात कोंबली.

बोंबील वाळत घालायचे जुने बांबू, फाटक्या जाळ्याची दोरी आणि त्या काचा. दोन दिवसांत परसात कंबरेएवढं घर उभं राहिलं. आत ऊब हवी म्हणून तिने नवऱ्याच्या, रेमंडच्या होडीवरली बर्फाची जुनी पेटी ओढत आणली.

"बर्फाच्या पेटीत गरमी?" रेमंड पोट धरून हसला.

"जी पेटी थंडी बाहेर जाऊ देत न्हाय, ती गरमी तरी कशाला जाऊ देईल?"

काळं फासलेल्या पिंपात दिवसभर उन्हाने तापलेलं पाणी संध्याकाळी पेटीत ओतायचं. पेटीवर फळ्या, फळ्यांवर माती भरून बिया पेरलेले डबे. एवढीच तिची यंत्रणा.

पण सलग पाच सकाळी पेटी रिकामी आणि माती गार! तिने फटी शोधल्या, मांजरांना शिव्या घातल्या. बिया कुजल्या असतील या धास्तीने ती दिवसातून दहादा माती चाचपू लागली.

सहाव्या संध्याकाळी ती पाणी ओतून तिथेच बसली. रेमंड रोजच्यासारखा फेरी मारत आला, गप्पा मारता मारता वाकला आणि पेटीच्या तळाचं बूच काढून मोकळा झाला. पाणी भळाभळा वाहू लागलं.

"मेल्या, काय करतोस!"

रेमंड हातातल्या बुचाकडे बघतच राहिला. बर्फाचं पाणी साचलं की मासळी नासते, म्हणून चाळीस वर्षं संध्याकाळ झाली की तो बूच काढून पाणी सोडत आणि बूच परत बसवत आला होता. होडी विकली तरी हाताला ते कळलं नव्हतं.

"माझं मलाच ठाव न्हाय गो," तो रडवेला होऊन म्हणाला.

लुईझाला राग आला होता, पण त्याचं तोंड बघून तिला हसू फुटलं. मग दोघांनी चुलीवर पाणी तापवून पेटी पुन्हा भरली. रेमंडने बूच हातोडीने ठोकलं. त्या दिवसापासून तो लुईझाच्या आधी उठून पेटीला हात लावून बघू लागला.

बाराव्या सकाळी त्याने अख्खी आळी जागी होईल अशी हाक मारली. लुईझा अनवाणी धावली. मातीतून नऊ हिरव्या माना वर आल्या होत्या. एकीच्या डोक्यावर अजून बीचं टरफल होतं.

लुईझा गुडघ्यांवर बसली, हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"रेमंड," ती म्हणाली, "आय आली रे माझ्या घरी."