उलट बाजूचे दगड

शहराबाहेरच्या डोंगराला वळसा घालून पुन्हा पायथ्याशी येणारी एक पायवाट आहे. तिच्यावर पायी चालणारे हौशी, सायकलवाले उत्साही आणि चिडलेले फक्त बाणकाका. वाटेतल्या दगडांवर पांढऱ्या रंगाने बाण काढायचे, हे त्यांचं काम.

तरी तळ्याजवळच्या फाट्यावर लोक चुकायचेच. मागे एक जोडपं भलत्याच उतारावर भटकलं, तेव्हा काकांच्या साहेबांनी सुनावलं, "आणखी कुणी चुकलं, तर दुसरा माणूस बघावा लागेल."

काकांचं डोकंच फिरलं. "एवढे बाण दिसत नाहीत? डोळे काय घरी विसरून येतात?" असं पुटपुटत त्यांनी सगळे बाण पुन्हा गिरवले. हातभर लांब, चांगले जाडजूड. होता नव्हता तेवढा रंग संपवला. रागाच्या भरात स्वतःचा चष्मा मात्र घरीच राहिला.

तो घेऊन बायको निघाली. ती कधी डोंगर चढली नव्हती, पण नवऱ्याच्या बाणांवर तिचा भरवसा होता. घरापासून परतीची बाजू जवळ, म्हणून ती तिकडूनच चढली.

उन्हं कलल्यावर फाट्यापलीकडच्या झुडपांतून हाक आली, "अहो!"

"अगं, तू इथे कुठे कडमडलीस? बाण काढलेत ना!"

"हा घ्या चष्मा," ती कडाडली, "आणि एक तरी दाखवा!"

काका तणतणत तिला फाट्यावर घेऊन आले आणि त्यांनी चष्मा चढवला. तिच्या बाजूने दगड कोरे होते. इतकी वर्षं ते एकाच दिशेने फिरले होते. गोल वाटेवर माणसं उलटीही येतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांचं ते 'आणखी कुणी' घरातलंच निघालं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. आणि डब्यात रंगाचा थेंब नव्हता.

तेवढ्यात एक सायकलवाली धापा टाकत आली, तीही उलटीच. "काका, बाण कुठेच नाहीत. कुठून जायचं?"

ओठावर आलेली शिवी गिळून काका फाट्यावर उभे राहिले आणि त्यांनी हात लांब केला. ती गेली. तिच्यामागून आणखी दोघं येताना दिसली.

बायको दगडावर टेकली. "असे किती वेळ उभे राहणार?"

"शेवटचा माणूस उतरेपर्यंत," काका खेकसले. "तू जा घरी."

"जाते की," ती म्हणाली. "कुठून जाऊ?"