अर्धी अर्धी गोळी

मायाप्पाचं डोकं सकाळपासूनच तापलेलं असायचं, आणि का तापू नये? सोलापूरच्या टीबी सेंटरचा तो घरोघर फिरणारा माणूस. सायकल सरकारी, खायच्या त्या शिव्या मात्र स्वतःच्या. खोकला थांबला की लोक गोळ्या सोडणार, आणि हा त्यांच्या दारात घसा फोडणार, "अहो, खोकला गेलाय, जंतू आत पाय पसरून बसलाय!" ऐकतंय कोण!

त्यात चौऱ्याहत्तर साली साहेबांनी नवं लोढणं गळ्यात अडकवलं. कुठल्या गोळीला जंतू कुठं दाद देत नाही, याची म्हणे देशोदेशी पाहणी चालली होती. मायाप्पानं बेडक्याच्या बाटल्या गोळा करायच्या, वर छापील फॉर्म भरायचे. सगळं जग जणू सोलापूरच्या बेडक्यावाचून अडलेलं!

वळसंगची नागम्मा तेवढी त्याची गुणी पेशंट. तिचा एक दिवस चुकत नसे. तरी बाई वाळतच चालली होती. तिची बाटली तपासायला गेली आणि तीन महिन्यांनी उत्तर आलं, हिच्या जंतूवर या गोळ्या चालत नाहीत.

मायाप्पा तडक वळसंगला गेला. अंगणात तिची सून हेमावती तोंडात पदर कोंबून खोकत होती. आत नागम्मा बसली होती, तिच्या उशाशी कोनाड्यात अर्धी मोडलेली गोळी होती.

"हे काय, अक्का?"

"पोरीलाबी खोकला हाय, अण्णा. माज्या ल्योकाला, सिदूला कळलं तर माहेरी धाडंल तिला. म्हनून अर्धी मी खाते, अर्धी ती."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुमीच म्हनला की, गोळी लई गुणाची हाय. गुणाचं काय एकटीनं खायाचं आसतंय व्हय?"

मायाप्पानं कपाळावर हात मारला. "अगं बाई, हा काय हुरडा आहे वाटून खायला? अर्ध्या गोळीनं जंतू मरत नाही, उलट निर्ढावतो!"

हेमावतीची बाटलीही गेली. उत्तर तेच आलं. आता दुसरी, महागडी औषधं हवी होती. साहेबांच्या टेबलापाशी महिनाभर भांडून मायाप्पानं एका माणसापुरती मिळवली. नागम्माचा कागद आधीचा, म्हणून तिच्या नावावर. सुनेची पुढच्या खेपेला येणार होती. यावेळी त्यानं नागम्माला विभूतीवर हात ठेवायला लावला, गोळी मोडणार नाही म्हणून.

महिन्यानं तो गेला, तर हेमावती आडावरून भरली घागर घेऊन येत होती, चेहऱ्यावर तुकतुकी आलेली. नागम्मा मात्र वाकळेवर पडून होती. हाडांचा नुसता सापळा उरला होता. मायाप्पाचा पारा चढला. "पुन्हा वाटून खाल्ल्यास ना? शपथ घेतली होतीस तू!"

"न्हाय, अण्णा," नागम्मा धापा टाकत म्हणाली. "विभूतीवर हात ठिवलता की. येकबी गोळी मोडली न्हाय. समद्या तिलाच दिल्या."