पहिलं बाळंतपण वरूडला

माझ्या मुलीचा जन्म वरूडचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि मध्यप्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात कितीतरी सुनांचं माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात. आपण दुसऱ्या राज्यात बाळंत होतोय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या वर्षी तिला जर्मनीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. तिथल्या सरकारी विद्यापीठात फी नाही, पण वर्षभराच्या राहण्या-खाण्याचा पैसा आधी बँकेत दाखवावा लागतो. तो आमच्या आवाक्याबाहेरचा. आधार एकच, आपल्या राज्य सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती. तिचे गुण बसत होते, आमचं उत्पन्नही बसत होतं. मी हरखून नागपूरहून मोठी निळी सुटकेस आणली.

कचेरीतल्या बाबूने जन्माचा दाखला पाहिला आणि फाइल बाजूला सारली. मुलगी मध्यप्रदेशची मूळ रहिवासी आहे हे आधी सिद्ध करा म्हणाला. मी सांगितलं, सव्वा महिन्याची असताना ती इथे आली, बालवाडीपासून इथेच शिकली.

"मले समजून राहिलं, बाई. पण कागदावर वरूड लिहेल आहे न."

ती तिकडची रहिवासी नाही असं लिहून घ्यायला वरूडच्या कचेरीत गेलो, तर तिथल्यांनी बापाचा पत्ता विचारून परत पाठवलं. इकडचे तिकडे बोट दाखवणार, तिकडचे इकडे. परतीच्या बसमध्ये नुसता संताप व्हायचा. रहिवासाचा कागद अखेर हातात पडला, पण शिष्यवृत्तीची मुदत तोवर उलटून गेली होती. मुलगी जर्मनीला गेली नाही. कोणाची चूक म्हणाल तर कोणाचीच नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

यंदा पुतण्याच्या बायकोला सातवा लागला. तिची आई वरूडहून न्यायला आली, तेव्हा मी आडवी आले.

"हिचं बाळंतपण इथंच करू. दवाखाना काय वरूडलेच आहे?"

पाहुणीचा चेहरा पडला. जाऊबाईंनी मला वेड्यात काढलं. सून तर रडायलाच लागली.

माझी मुलगी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली ती निळी सुटकेस घेऊनच.

"जाऊ दे न आई, तिले तिच्या मायजवळ."

आणि वहिनीच्या साड्या त्यात भरायला बसली. सुटकेसच्या मुठीला दुकानाचं लेबल अजून लटकत होतं. ते तिने दातांनी तोडलं.