दाजींना न ऐकू आलेलं नॉकिंग

यवतला हायवेच्या कडेला आमचं दुचाकीचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे दाजींचं, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढं बरोबरीनं काम करू लागलो. त्याआधी दाजी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पाळीभर पत्र्यावर घण पडत राहायचे. कानात घालायला तिथं कुणी काही दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

केडगावच्या एका गुऱ्हाळवाल्यानं वडलांची जुनी साडेतीनशे सीसीची गाडी आणून लावली. "मामा, गाडीला दम पायजे," दाजींना म्हणाला. पिस्टन त्यानंच आणला होता, डोक्यावर उंचवटा असलेला. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मात्र जुनंच, वाकलं म्हणून कुणीतरी लेथवर घासलेलं. म्हणजे हेडमधली पोकळी आधीच कमी, त्यात हा उंचवटा घुसणार. पेट्रोल जितकं कमी जागेत दाबावं, तितका इंजिनाला जोर येतो. पण फार दाबलं तर ते नीट जळायच्या ऐवजी भडकतं, आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. तसंच चालवलं तर पिस्टन जातो.

दाजींनी हेड उलटं ठेवलं, त्यावर भोक पाडलेली काच बसवली आणि सिरिंजनं पातळ तेल सोडून पोकळी मोजली. उंचवट्याचं माप वजा केलं. कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, दहाच्या वर गेलं.

"पंपाच्या पेट्रोलला हे झेपायचं न्हाई," म्हणत त्यांनी हेडखाली तांब्याचं जाड पॅकिंग घातलं आणि ते साडेनवावर आणलं. "बाकीचं कान सांगंल."

त्यांच्या कानावर लोकांचा भरवसा होता. गाडी चालू करून समोर उभी केली की ते डोळे मिटून ऐकायचे आणि दुखणं सांगायचे.

गाडी जोडून झाली. मी मागं बसलो, ते चालवत होते. पुलाचा चढ लागला तसं त्यांनी टॉप गिअरमध्येच ॲक्सिलरेटर पिळला आणि खडे वाजायला लागले. मी त्यांचा खांदा दाबला.

"दाजी, नॉकिंग हाय."

"कुठं?" त्यांनी पुन्हा पिळला. "वाजतंय का आता?"

"वाजतंय की. लईच वाजतंय."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चेन आसंल. उतर तू. मी केडगावला जाऊन मालकाला दाखवून येतो."

मी हात धरला तो त्यांनी झटकला.

ते टेम्पोतून परत आले. डावं मनगट मोडलं होतं, गाडी मागं आडवी टाकलेली. वाटेत इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं आणि ते पडले होते. गुऱ्हाळावरचे भय्ये त्यांना घेऊन आले होते. त्यातला एक मला म्हणाला, "हम पीछे से हॉर्न पे हॉर्न दे रहे थे. चाचा सुने ही नहीं."

हात प्लास्टरमध्ये असताना दाजी स्टुलावर बसले आणि मी हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक पडलं होतं, कडा वितळून ओघळल्या होत्या. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं.

"खरं सांग. किती जोरात वाजत हुतं?"

"लई जोरात, दाजी."

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, तीक्ष्ण आवाज गेलेत आणि ते परत येणार नाहीत. इंजिनाची धडधड तेवढी त्यांना कळत होती. परतताना एसटीत बहीण माझ्याशेजारी बसली होती.

"किती वर्सं हाक मारली तरी वळून बघायचं न्हाईत," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर राग हाय."

कानाचं मशीन घेतलं, पण गॅरेजात ते लावलं की एक पाना खाली पडला तरी दाजी दचकायचे. शेवटी मशीन काढून ठेवलं आणि वडगाव रासाईला, घरच्या उसात गेले. इंजिनाचं काम मी बंद केलं. आता सर्व्हिसिंग आणि पंक्चर एवढंच. एकट्यानं हेड उघडावंसं वाटत नाही.

मध्ये भेटायला गेलो होतो. नदीवरची पाण्याची मोटर पाणी ओढेनाशी होऊन कोरडीच फिरत होती. तिची किंचाळी बांधापासून ऐकू येत होती, आणि दाजी तिच्याजवळच पाठ करून दोरी गुंडाळत होते. मी पळत जाऊन स्टार्टर बंद केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मोटरीवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला.

"तुझ्या बहिणीला सांगू नगंस," ते म्हणाले.