कापसाचा बोळा

हायपो या क्षाराचे स्फटिक परीक्षानळीत गरम केले की आपल्याच अंगच्या पाण्यात विरघळतात. मग नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि ती निवू द्यायची. आत धूळ जाता कामा नये. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस शेवंताबाई तर त्या टेबलाजवळून कोणाला चालूही देत नाहीत.

आज ती नळी पाण्यासारखी नितळ दिसत होती. पेलवेल त्याहून जास्त क्षार पोटात घेऊन शांत उभी. मी बोळा काढून स्फटिकाचा एक कण आत टाकला. बघता बघता सगळ्याचा दगड झाला आणि निवलेली नळी हाताला गरम लागली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आमचं घर आठवडाभर असंच नितळ आहे. यांच्या गाठीचा तुकडा तपासायला दिल्यापासून आम्ही फक्त भाजीबद्दल आणि पडद्यांबद्दल बोलतो. चौकशीला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते.

संध्याकाळी चहा घेताना यांनी विचारलं, "रिपोर्ट आला का गं?"

"अजून नाही," मी म्हणाले.

सकाळीच वाचलेला तो कागद मांडीवरच्या पर्समध्ये होता. मी पर्स उचलली आणि धक्का न लागू देता अलगद बाजूला ठेवली.