तिरक्या कण्याचा ढोल

त्या काळी हळदीला चकाकी आणायची म्हणजे वाळलेली कांडी पत्र्याच्या ढोलात घालून हातानं फिरवत. पण हळद एकाच जागी घोळत राहायची. मधली उजळायची, कडेची मळकटच. साताऱ्यातल्या माझ्या छोट्या कारखान्यात उसाचे चरक दुरुस्त करता करता मला सुचलं, की ढोल ज्यावर फिरतो तो कणा सरळ न घालता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरका घालावा. मग प्रत्येक फेऱ्याला हळद एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळत, घासत जाईल. लढाईचे दिवस, नवा पत्रा मिळेना. तेलाच्या जुन्या पिंपाला भोकं पाडून पहिला ढोल केला. तो चालला.

खरी कटकट पुढेच होती. युक्ती अशी, की बघितली की चोरली. ओळखीचे एक वकील म्हणाले, "कलकत्त्याला पेटंटचा अर्ज करू. नकाशा माझ्याकडे देऊन जा." मी दिला नाही. ज्याच्याशी फीवरून सकाळभर हुज्जत घातली, त्याच्या हाती नकाशा कोण देईल? अर्जाचं आपलं आपण बघू म्हटलं आणि ढोलावर ताडपत्री टाकली. गिऱ्हाइकाला दाराबाहेरच बसवायला लागलो.

अशात खंडेनवमी आली. घणापासून लेथपर्यंत सगळं धुऊन पुसून पूजेला मांडलं. बायको ताडपत्रीकडे बघत म्हणाली, "आवं, समद्यांस्नी फुलं आन् ह्यालाच बुरखा? कशाला मग केला त्यो?" ज्याच्यावर पुढची भाकरी खायची त्याला झाकून पूजा करायची, हे मलाही पटेना. ताडपत्री काढली, ढोलाला झेंडूची माळ घातली. त्या दिवशी कारखान्याचं दार कुणाला बंद नसतं. प्रसादाला आलेल्याला उंबऱ्यावरून परतवायचं, हे आमच्यात होत नाही, आणि ते चुकीचं आहे असं मला आजही वाटत नाही.

सांगलीचा एक अडत्या त्या दिवशी नारळ घेऊन आला. त्याच्या वखारीत ढोल चालवून बघायची आमची बोलणी चालली होती. सौदा ठरेपर्यंत ढोल दाखवणार नाही, असं मी त्याला बजावलं होतं. त्यानं चपला काढल्या, ढोलापुढे वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. माणूस भाविक दिसतोय, असं मला वाटलं. प्रसाद दुप्पट दिला.

हळदीचा हंगाम सुरू झाला तेव्हा कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीतून मी सांगलीला गेलो. त्याच्या वखारीत ढोल फिरत होते. सगळ्यांचे कणे तिरके.

"हा ढोल माझा आहे," मी ओरडलो.

"तुमचा साताऱ्यात असेल. हा माझ्या लोहारानं केलाय."

"खंडेनवमीला येऊन चोरलात तुम्ही!"

"अहो, मी नमस्कार केला. नमस्काराला तुमची परवानगी लागते? सरकारी कागद आहे का तुमच्याकडे?"

"कागद नाही. अक्कल माझी आहे."

"मग घेऊन जा की परत. कुणी धरून ठेवलीय?"

हमाल हसले. मी त्याची गचांडी धरली. दोघा हमालांनी मला सोडवून बाहेर आणलं. त्यातला म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, च्या घ्या आन् गाडी धरा. हितं वरडून निस्ता घसा बसंल."

त्यानंतर अर्ज करण्यात अर्थ उरला नाही. हंगाम संपेपर्यंत आसपासच्या गावांतही तसे ढोल दिसायला लागले. लोखंड परमिटवर, चरकाचं काम बसलेलं. पुढच्या वर्षी त्याच अडत्याचा निरोप आला: लोहाराच्या ढोलांचे सांधे उसवतात, तुम्ही करून द्या. मी गेलो. पत्रा कुणाचा, मजुरी काय, यावर उन्हं उतरेपर्यंत घासाघीस केली. युक्तीच्या मोबदल्याचा विषय दोनदा काढून बघितला. दोन्ही वेळा त्यानं पानदान पुढं सरकवलं. ओरडायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती. सौदा नुसत्या मजुरीवर ठरला.

मी चपला घालत होतो, तेवढ्यात त्यानं आतून हाक मारली.

"आणि हे बघा, कणा सरळ घालू नका. आमच्या ढोलाला तिरका लागतो. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणालो.